ताई बोलताना अण्णा हॉलमध्ये पाहिजेत

"फोटो एखादा राहिला तरी चालंल, पण मी बोलताना अण्णा हॉलमध्ये पाहिजेत."

ताईनं मला एवढं एकच काम सांगितलं होतं. आदल्या दिवशी फोनवर सांगितलं, नंतर मेसेज टाकला, आणि सकाळी कॉलेजच्या गेटवर भेटली तेव्हा बाकी काही न बोलता डायरेक्ट विचारलं, अण्णा कुठंयत. निघालेत, म्हणलं मी. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं. अण्णांचा फोन बंद होता. तो तसा नेहमीच बंद असतो, मेंढरांमागं रानात चार्जिंग मिळतंय कुठं, पण त्या दिवशी ती बाई फोनमध्ये 'स्विच ऑफ' म्हणाली तरी मी परत परत लावत राहिले.

थांबा, आधी नीट सांगते. माझं असंच होतं, मधूनच सुरू करते मी.

मी लग्नाचे फोटो काढते. शिरूर कासारला एका स्टुडिओत शिकले, आता स्वतःचा कॅमेरा आहे, आणि मुलगी असल्यानं नवरीच्या खोलीत बिनधास्त जाता येतं म्हणून लग्नसराईत मला लई मागणी असते. ताई माझ्यापेक्षा मोठी. ती पीएचडी करते, मेंढपाळांच्या पोरांच्या शाळेवर. आम्ही स्वतः मेंढपाळच. तर गेवराईच्या अलीकडं एका कॉलेजात शिक्षणातली विविधता ह्या विषयावर परिषद होती, लांबलांबचे प्राध्यापक येणार होते, आणि त्यात ताईचा पेपर लागला होता. पेपर म्हणजे परीक्षेचा नाही, आपण अभ्यास करून जे लिहिलंय ते लोकांपुढं उभं राहून थोडक्यात मांडायचं. परिषदेचं सगळं बघणारे सर फोटोवाला शोधत होते, ताईनं मला पुढं केलं. मी लगेच हो म्हणलं आणि मग घाबरले. लग्न मला पाठ आहे. कोण कधी रडणार, कोण रुसणार, आपण कुठं उभं राहायचं, सगळं. परिषद मी जिंदगीत बघितली नव्हती.

आता अण्णा हॉलमध्ये कावून पाहिजेत, ते.

ताई पहिलीत घालायच्या वयाची झाली तेव्हा, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायच्या वेळी, अण्णांनी तिला उमापूरला आत्याकडं ठेवलं. शाळेसाठी. मी तेव्हा आईच्या पाठीवर होते, मला त्यातलं काही आठवत नाही. माझी शाळा येईपर्यंत आई गावातच राहायला लागली, त्यामुळं मला कुणी कुठं ठेवलं नाही. ताई मात्र उमापूरलाच वाढली. आणि तेव्हापासून अण्णा आत्याच्या घरात बसले नाहीत. सख्ख्या बहिणीच्या घरी जातात, दारात उभं राहून पाणी पितात, काठी हातात तशीच, आणि निघतात. आत्या दरवेळी म्हणते, दादा आत ये, चहा ठेवलाय. अण्णा म्हणतात, मेंढरं हायेत. मेंढरं कुठंतरी लांब चुलत्याच्या ताब्यात असली तरी हेच म्हणतात. ताई आणि अण्णा एकमेकांशी बोलतात, नाही असं नाही. पाऊसपाणी, तब्येत, गाडी मिळाली का. ते ठेवून गेल्याचं मात्र दोघांपैकी कुणी तोंडातून काढलेलं मी कधी ऐकलं नाही.

आणि ताईनं तेच पेपरात घातलं होतं. मला वाचून दाखवलं नाही. एवढंच म्हणाली, घरात माझ्याच्यानं बोलणं होत न्हाई, तिथं माईकवर होईल. दुसऱ्या दिवशी आमचा कळप गोदावरीच्या अंगाला हलणार होता, आणि एकदा हलला की अण्णा पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हाती लागत नाहीत. म्हणजे जे काय होतं ते ह्याच दिवशी होतं.

सर स्वभावानं चांगले, पण त्या दिवशी ते माझ्यापेक्षा जास्त टेन्शनमध्ये होते. त्यांनी मला आधीच एक लांबलचक ऑडिओ पाठवला होता. बॅनर पूर्ण आला पाहिजे, समई पेटवताना सगळ्यांचे हात आले पाहिजेत, सत्काराची शाल आणि चेहरा दोन्ही दिसलं पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विविधता दिसली पाहिजे. कॉलेज तपासायला कमिटी येणार होती, तिला ह्या फोटोंचा अल्बम दाखवायचा होता. विविधता दिसली पाहिजे हे मी ऐकलं आणि परत लावून ऐकलं. नवरानवरी दिसले पाहिजेत, हे मला कळतं. विविधता स्टेजच्या कुठल्या बाजूला उभी राहते?

हॉलमध्ये बघितलं तर पुढच्या रांगांत सगळे एकसारखे प्राध्यापक. कोट, पोट आणि फाइल. सरांनी माझ्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पहिला फोटो बघितला आणि त्यांचा चेहराच पडला. मग त्यांनी माणसं हलवायला सुरुवात केली. बीएडच्या पोरी बसल्या होत्या, त्यातल्या बुरख्यातल्या दोघींना पुढं आणलं. मग त्या कोपऱ्यात जायला लागल्या म्हणून मधे आणलं. मग मधे पाहुण्यांची खुर्ची येणार म्हणून परत उठवलं. त्यातली एक मला हळूच म्हणाली, "दीदी, सरांना म्हणावं आमचं एकदा फायनल करा, म्हंजे डबा तिथं ठेवते." एक अंध शिक्षक होते, त्यांना सर हात धरून पुढं न्यायला लागले तर ते म्हणाले मला मागंच बरं, स्पीकर जवळ आहे इथं. सर बिचारे घामाघूम. मला त्यांचं हसूही येत होतं आणि त्यांच्यासारखीच धडधडही होत होती, कारण मी हे सगळं काढत होते आणि माझा एक डोळा गेटवर होता. एसटी येऊन गेली. अण्णा नाहीत. काळी-पिवळी आली, तिच्यातून माणसं उतरता उतरेनात, पण अण्णा नाहीत. ताई जिन्यावरून डोकावून बघायची, मी मान हलवायची, ती परत आत.

आणि मग आले. बोअर पाडायच्या गाडीवर बसून आले होते म्हणे. लाल पटका, खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी, पायात करकरीत नव्या वहाणा. मला इतकं हायसं वाटलं की कॅमेरा गळ्यात तसाच लोंबकळत ठेवून मी दोन्ही हात वर केले. पण माझ्या आधी सर धावले.

"हे बघा, हे पाहिजे होतं आपल्याला," सर मला म्हणाले. "या बाबा, या. मॅडम, ह्यांना घ्या आधी."

मी "सर, ते" एवढंच म्हणलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. एका हातानं फोन कानाला, दुसऱ्या हातानं अण्णांचा दंड, आणि निघाले रांगोळीकडं. अण्णा निवांत. त्यांना वाटलं पोरीच्या कॉलेजात पाहुण्याचं असंच स्वागत करत असतील. त्यांना रांगोळीपुढं उभं केलं. घोंगडी जरा पुढं घ्या, काठी सरळ धरा, अशा खुणा सर फोनवर बोलता बोलताच करायले. मी कॅमेरा डोळ्याला लावला. आता हाक काय मारायची? सवयीनं तोंडातून गेलं, "बाबा, इकडं बघा."

अण्णा मिशीतल्या मिशीत हसले. "बाबा म्हणायलीस व्हय मला," म्हणाले, मला ऐकू येईल एवढंच.

तो फोटो मस्त आलाय, खोटं कशाला बोलू. पण काढताना माझं डोकं दुसरीकडंच होतं. ह्यांना विविधता म्हणून उभं केलंय हे त्यांना सांगू का नको, सरांना सांगू का ते माझे वडील आहेत, आणि सांगितलं तर सर म्हणणार का की घरचीच माणसं उभी करायलीस. फोन संपेपर्यंत मी सांगायचं ठरवलं. फोन संपला तर सर पळत गेटकडं, पाहुण्यांची गाडी आली का बघायला. मी अण्णांना म्हणलं, ताईचं बोलणं जेवणानंतर आहे, वरच्या मजल्यावर, तवर हॉलमध्ये बसा, मी न्यायला येते. बरं म्हणाले. मला वाटलं, झालं आपलं काम.

कसलं काय.

उद्घाटनाचे पाहुणे म्हणजे आमच्या भागातले पुढारी, मोठे शेतकरी, त्यांना सगळे साहेबच म्हणतात. साहेब उशिरा आले. लई उशिरा. मग सरांनी जाहीर करून टाकलं की उद्घाटन इथं खाली चालू राहील आणि पेपरवाल्यांचे गट वर आत्ताच सुरू होतील, नाहीतर लांबच्या लोकांच्या गाड्या चुकतील. मी तेव्हा समईपाशी वाकलेली. ऐकलं आणि झटक्यात मागं वळून बघितलं, तर अण्णा पहिल्या रांगेत. सरांनी त्यांना साहेबांच्या अगदी समोर बसवलेलं, छातीवर पाहुण्यांचा बिल्ला लावून.

ताईचा मेसेज आला. माझा नंबर दुसरा, अण्णांना आण. मग आला, पहिल्या सरांचं सुरू झालं. मग नुसतंच प्रश्नचिन्ह.

साहेब माईकवर आले होते. मी स्टेजच्या बाजूनं अण्णांना हातानं खुणावलं, उठा. त्यांनी तळवा खाली दाबून मला खुणावलं, थांब. मी परत खुणावलं. त्यांनी परत तळवा दाबला. शेवटी मी वाकून वाकून, फोटोच काढायलेय असं दाखवत, त्यांच्या गुडघ्यापाशी जाऊन बसले.

"अण्णा, चला. ताईचं आत्ताच हाय. बदललंय सगळं."

"साहेब बोलायलेत की."

"बोलू द्या त्यांना."

"येडी का काय? पुढून कसं उठू? त्यांच्या रानात बसत्यात आपली मेंढरं." मग माझं तोंड बघून म्हणाले, "झालं की येतो. तू जा म्होरं."

त्यांचंही बरोबर होतं. साहेबांच्या रानात दरसाल आमचा कळप बसतो, त्यांच्या जमिनीला खत होतं, आमच्या जित्राबांचं पोट भरतं. आणि साहेब बोलत असताना पहिल्या रांगेतून उठून जायचं हे आमच्याकडं सरपंच करत नाही, प्राचार्य करत नाहीत. पण मी साहेबांना ओळखते. प्रत्येक मोठ्या लग्नात ते नवरानवरीला आशीर्वाद द्यायला उभे राहतात आणि मला माहीत आहे की ते आधी स्वतःच्या लहानपणापासून सुरू करतात. आत्ता कुठं ते तिसरीत गेले होते. झालं की येतो म्हणजे ताईचं सगळं उरकून, खुर्च्या उचलून झाल्यावर.

मला तिथंच, साहेबांच्या पुढ्यात, जमिनीवर बसल्या बसल्या रडू यायला लागलं. हातात फोन थरथरला, परत ताईच असणार, मी बघितलाच नाही. उचलून न्यावं का अण्णांना? चक्कर आली म्हणून पडू का? खरंच हे सगळं डोक्यात येऊन गेलं. आणि मग माझ्या डोक्यात लग्न आलं.

लग्नात बघा, आम्हा फोटोवाल्यांइतकं चालतं कुणाचं? व्याही रुसून बसलेला असू द्या, मामा जेवायला बसलेला असू द्या, भटजी मुहूर्त चुकायलाय म्हणून ओरडत असू द्या. फोटो घ्यायचाय म्हणलं की माणूस उठतो. हात धुतो, टोपी नीट करतो आणि येतो. आमच्याकडं फोटोला नाही म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही. सकाळी अण्णांना फोटोनंच तर ओढून नेलं होतं.

मी उभी राहिले. साहेब आणि अण्णा ह्यांच्या बरोबर मधे, सरळ, ताठ. "बाबा," मी लग्नातल्या आवाजात म्हणलं, "तुमचा एक फोटो वर घ्यायचा राहिलाय. चला पटकन."

साहेब थांबले. सगळा हॉल थांबला. माझे कान असे तापले की बस. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं, अण्णांच्या पटक्याकडं बघितलं.

"जा बाबा, जा," साहेब माईकवरच म्हणाले. "फोटो आधी. आमी काय, बोलायला हावोतच दिवसभर."

लोक हसले. अण्णांनी उठून साहेबांना हात जोडले आणि माझ्यामागं आले. दारात सर उभे होते, हातात ताट, ताटात शाल आणि नारळ. साहेबांचं झालं की लगेच सत्कार आहे, कुठं चाललात तुम्ही, त्यांनी दातओठ खात विचारलं. आलेच, म्हणलं मी. त्यांचा चेहरा मला अजून दिसतोय. त्यांची चूक नव्हती. सत्काराचा फोटो नाही म्हणजे सत्कार झालाच नाही, हे त्यांना जेवढं माहीत तेवढं मलाही माहीत. माझं ते पहिलंच परिषदेचं काम आणि मी मेन फोटो सोडून पळत होते.

आणि दाराबाहेर अण्णा वाकले. समई मांडलेल्या हॉलमध्ये वहाणा घालून कसं जायचं म्हणून त्यांनी त्या बाहेर काढल्या होत्या, आणि आता तिथं चपलांचा ढीग. अण्णा काठीनं एकेक बाजूला करायले.

"अण्णा, राहू द्या ना."

"नव्या हायेत. ताईनं घेतल्यात, आजच्यासाठी."

"आन् ती बोलून मोकळी झाली तर वहाणा घालून काय करायचंय?"

अण्णांनी वर बघितलं. मग काठी उचलली आणि अनवाणीच जिना चढायला लागले, एवढ्या भरभर की मी मागं राहिले. मी त्यांना ओलांडून पुढं पळाले.

वर भूगोलाची प्रयोगशाळा होती. दारातून बघितलं तर ताई टेबलामागं उभी, कागद हातात, चेहरा पांढरा फटक. मधल्या खुर्चीवर ह्या गटाच्या अध्यक्ष मॅडम होत्या, हाताशी वेळ संपली की वाजवायची घंटी. त्या ताईला म्हणत होत्या की बाई, मी तुझ्यासाठी एकदा थांबले, आता सुरू कर, नाहीतर पुढच्यांना घेते. ताईनं दाराकडं बघितलंच नाही. तिनं तोंड उघडलं.

मी हात वर केला. "मॅडम, एक मिनिट. कॅमेरा लागायचाय."

शप्पथ सांगते, सगळी खोली जागच्या जागी थांबली. मॅडमनी पदर सारखा केला आणि चष्मा वर सरकवला. पुढच्या एका सरांनी पोट आत घेऊन कोटाचं बटण लावलं. मी लेन्सची रिंग उगाच इकडून तिकडं फिरवत बसले, लाइट कमी आहे म्हणलं, एक पडदा उघडला, परत थोडा लावला. जिन्यावर काठी वाजत होती. जवळ आली. अण्णा आत आले, धापा टाकत. खुर्ची रिकामी नव्हती. भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा टांगलेला होता, त्याच्या शेजारी टेकून उभे राहिले.

ताईनं त्यांना बघितलं. मी म्हणलं, "हां, चालू द्या."

सुरुवातीचं मला अर्धं कळलं, अर्धं नाही. पुस्तकातलं मराठी होतं. ती कागदातून मान वर काढेना. कुठल्या वाड्यांवर गेली, किती घरांत बसली, पोरं शाळेत कधी येतात आणि कधी गळतात. मला एकच भीती, की हिनं ते वगळलं तर? अण्णा समोर दिसले आणि हिचा धीर गेला तर? अण्णा नकाशात उमापूर शोधत होते का काय माहीत नाही, पण त्यांचं बोट नकाशावर होतं.

मग ताईनं कागद टेबलावर ठेवले.

तिनं सांगितलं की तिला आत्याकडं ठेवलं तेव्हा तिला करमावं म्हणून अण्णांनी कळपातलं एक कोकरू तिच्याजवळ सोडलं होतं. हे मला माहीतच नव्हतं. ते कोकरू शाळेच्या दारापर्यंत मागं यायचं, आत्याची तुळस त्यानं खाऊन टाकली होती. शाळेत पालकांची सभा असली की तिच्या नावापुढं पालक गैरहजर लिहायचे, आणि ती बाहेर येऊन कोकराजवळ बसायची.

"पावसाळ्यात कळप परत आला," ताई म्हणाली. आता ती घरातल्यासारखं बोलायली होती. "कोकरू तवर मोठं झालं होतं. अण्णांनी ते सोडून कळपात घातलं आन् मला तिथंच ठेवलं. मला वाटलं, मेंढरू ह्यांचं हाय आन् मी न्हाई. लई वर्षं मला तेच वाटलं. मी कधी विचारलं न्हाई. ह्या अभ्यासात मी असे कितीतरी बाप बघितले, पोरगं ठेवलंय त्या घरात बसत न्हाईत, उभ्यानं पाणी पितात. त्यांना गैरहजर लिहू नका. शाळा कळपामागं येत न्हाई म्हणून पोरगं संगं न्यायचं का शाळेसाठी ठेवायचं, हे बापाला निवडावं लागतं. माझा राग बापावर होता. तो मी आज सोडला."

बस. एवढं बोलून ती पुढच्या शिफारशी वाचायला लागली, जसं काही झालंच नाही. मी एकही फोटो काढला नव्हता. बोट बटणावर आणि बटण दाबायचं भान नाही.

मॅडम म्हणाल्या, कुणाचे प्रश्न? कोटवाल्या सरांनी काहीतरी आकड्यांचं विचारलं, ताईनं उत्तर दिलं. मग मागं काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"मी बोलू का?" अण्णा म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, बोला ना बाबा. अण्णांनी मॅडमकडं बघितलं नाही.

"मेंढरू एकटं ऱ्हात न्हाई," ते ताईला म्हणाले. "कळपाबिगर खात न्हाई. वाळतंय, मरतंय. म्हणून नेलं ते." घसा खाकरला. "तुला बघून म्हणलं, ही राहील."

त्यांनी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"राहिलीस."

"हां, अण्णा," ताई म्हणाली.

तेव्हा कळलं सगळ्यांना की हे कोण. मॅडमचा हात घंटीवर होता, तो तसाच राहिला. माझं बोट कधी दाबलं गेलं मला माहीत नाही, पण एक फोटो निघाला. त्यात सगळ्यांचे चेहरे मागं, आमच्याकडं वळलेले, आणि त्या सगळ्यांच्या वर ताईचा, अण्णांकडं बघणारा. अण्णा त्या फोटोत नाहीत. मी त्यांच्या शेजारीच उभी होते ना.

खाली आले तर साहेब गाडीत बसायला निघालेले. सत्कार होऊन गेला होता. सर माझ्याकडं बघून बोललेच नाहीत, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मीच पळत गाडीपाशी गेले आणि म्हणलं, साहेब, सत्काराचा फोटो राहिलाय. साहेबांना काहीच वाटलं नाही. त्यांना ह्याची सवय आहे. गाडीतून उतरले, ड्रायव्हरनं डिकीतून शाल काढली, घडी मोडली, नारळ मात्र कुठं घरंगळला होता तो सापडेना, तर सरांनी स्वागताच्या टेबलावरचा दुसरा आणला. गाडीच्या बाजूला, मागं बॅनर येईल असं उभं करून, साहेबांचा सत्कार परत झाला. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्यासुद्धा परत वाजवल्या. साहेबांनी अण्णांना बघितलं आणि विचारलं, कळप कुठं बसलाय औंदा. अण्णांनी सांगितलं.

सर तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं वळले. वर काय झालं ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. "ते तुमचे वडील?" म्हणाले. "मग सकाळी सांगायचं ना." मी म्हणलं, तुम्ही फोनवर होता सर. त्यांनी माझ्या कॅमेऱ्यात तो फोटो परत बघितला. मग म्हणाले की रांगोळीचा तो फोटो अल्बममध्ये घालू का, त्यांना विचारून सांगा. मी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, घाला, पण खाली लिहा पोरीचं ऐकायला आलता म्हणून. सरांनी ते मोबाइलवर तिथल्या तिथं टाइप करून घेतलं.

वहाणा सापडल्या. ढिगाच्या पार खाली होत्या. अण्णांनी झटकल्या, घातल्या, आणि ताई खाली आल्यावर तिच्याकडं न बघता विचारलं, "आत्या घरी असंल का आज?"

ताईनं फोन लावला. आत्या, आमी यायलोय, म्हणाली. अण्णा बी हायेत. मग पलीकडचं ऐकत राहिली, आणि म्हणाली, न्हाई, उभ्यानं न्हाई वाटतं, त्यांनी स्वतःच विचारलंय तू घरी हायेस का. मग पलीकडून काय आवाज आला ते मला ऐकू आलं नाही, पण ताईनं फोन कानापासून लांब धरला.

कुणाच्या तरी जीपमधून आम्ही तिघं उमापूरला उतरलो तेव्हा मी अण्णांच्या काठीकडंच बघत होते. दारापर्यंत आले आणि म्हणाले मेंढरं हायेत, तर? अण्णा दारात थांबले. काठी भिंतीला लावली. आत्या आतून काही बोलली नाही, ती पण थांबली असणार. मग अण्णांनी वहाणा काढल्या.

ते आत गेल्यावर मी त्या वहाणांचा फोटो काढला. उंबऱ्याबाहेर, एक सरळ, एक जरा वाकडी. बसून काढला, मग झोपून काढला, मग लाइट जायलाय म्हणून परत काढला.

"अगं ए, आत ये," आत्या आतून ओरडली. "चहा निवायलाय आन् ही दारात काय लोळायलीय."